गुरुवारच्या पेटीची किल्ली

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. चौथीची परीक्षा संपली आणि वडिलांनी मला कबनूरला यंत्रमागावर कांड्या भरायला बसवलं. त्या वर्षी गुरुजींनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. अक्षर गोल होतं, सुटं होतं, ओळ सोडत नव्हतं. पुढं कैक वर्षं ते अक्षर रेशनच्या अर्जावर आणि सहीपुरतंच कागदावर उतरलं. हे आधी लिहून ठेवते, कारण मॅडमचं जे झालं ते या अक्षरामुळं झालं. निदान मी बरेच दिवस असं म्हणत होते. अक्षरावर ढकललं की माझं नाव घ्यावं लागत नाही.

मी कोल्हापुरात एका संस्थेत शिपाईकाम करते. आधी ते नुसतं कॉलेज होतं, मग गेटवर विद्यापीठाचा बोर्ड लागला. आम्ही ठेकेदाराची माणसं. करार अकरा महिन्यांचा, जूनमध्ये परत नवा. माझ्याकडं लोकशाही शिकवतात तो विभाग आहे, म्हणजे राज्यशास्त्राचा. वर्ग झाडायचे, फळे पुसायचे, चहा करायचा, स्टाफरूममध्ये रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे, त्याचं कालचं पान सकाळी फाडायचं. सगळे मला शांत समजतात. मी शांत नाही, भित्री आहे. चार माणसांनी एकदम माझ्याकडं बघितलं की माझा पदर कुठं आहे ते मला कळत नाही.

मॅडम तिथं तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास शिकवायचे तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही. अशी अकरा वर्षं त्यांनी काढली होती. कायमच्या एका जागेची मुलाखत त्या मे महिन्यात होणार होती आणि ती जागा त्यांचीच, असं विभागात सगळे धरून चालले होते. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण मला कधी एकेरी बोलल्या नाहीत.

गुरुवारचा शेवटचा तास त्या पुस्तकातून घ्यायच्या नाहीत. त्यासाठी त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून घेतली होती, कडी लावून लहान कुलूप घातलं होतं. आठवडाभर त्यात कुणीही बिननावाची चिठ्ठी टाकावी. गुरुवारी त्यातली एक काढायची, आहे तशी मोठ्यानं वाचायची आणि उत्तर द्यायचं. चिठ्ठी कुणाची हे कुणी कधी विचारायचं नाही. हा नियम त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला आणि मला सांगितलं, हा कोपरा पुसू नका.

किल्ली कुणाकडं ठेवायची हे मुलांनी हात वर करून ठरवलं. मॅडम म्हणाल्या, उत्तर देणार मी, तेव्हा किल्ली माझ्याकडं नको. मुलांचा एकमेकांवर भरवसा नव्हता. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मावशींच्याकडं द्या, त्यांना वाचायचं कुठं कळतंय. सगळे हसले आणि सगळ्यांचे हात वर गेले. मी फडकं घेऊन दारात उभी होते. आयुष्यात मी एकदाच निवडून आले, ती अशी.

वाचायचं कळत होतं. तास झाल्यावर उरलेल्या चिठ्ठ्या मी सावकाश वाचून मग टाकायची. एकदा मॅडमनी मला तसं वाचताना बघितलं. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणून दिली आणि म्हणाल्या, आठवड्याला एक पान लिहा, काहीही लिहा, मी बघून देत जाईन. मी कांड्यांचं लिहिलं, सासूचं लिहिलं, शिरोळच्या बहिणीच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही तिची शेळी जिन्यावर कशी बांधली ते लिहिलं. मॅडम पेन्सिलीनं चुकीवर बारीक रेघ मारायच्या आणि वही वर्तमानपत्रात गुंडाळून परत द्यायच्या. माझं अक्षर त्या ओळखत होत्या. हे लक्षात ठेवायला पाहिजे.

त्या मार्चअखेरीला संस्थेच्या अध्यक्षांच्या फोटोशेजारी त्यांच्या मुलाचा फोटो लागला. अजून मुलगा कोणत्याच पदावर नव्हता. भाऊसाहेब, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले, मावशी, दोनी फोटो पुसत जावा, फुडं ह्योच हाय. मी पुसले. पुसताना डोक्यात एक प्रश्न आला आणि तो दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरचं कालचं पान फाडलं, ते टाकून देण्यासारखं नव्हतं, मागची बाजू कोरी होती. भाऊसाहेब यायच्या आत त्यावर लिहिलं:

‘आमच्या गावात सरपंच आम्ही निवडतो. इथं अध्यक्षांच्या मागं त्यांचा मुलगा बसणार हे कुणी निवडलं? आणि हे वर्गात विचारलं तर चालतं का?’

घडी घातली आणि पेटीत टाकली. वही तपासायला मॅडमकडं होती. कोरा कागद मागायला जायचं म्हणजे भाऊसाहेबांना कशाला ते सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी ते पान वापरलं.

गुरुवारी मी कुलूप काढलं, मॅडमनी डोळे मिटून हात घातला आणि माझीच चिठ्ठी निघाली. त्यांनी उघडली. अक्षर बघितलं. परत आत टाकून दुसरी काढली असती तर कुणाला समजलं नसतं. त्यांनी वाचली, आहे तशी, तिन्ही वाक्यं. मॅडम म्हणाल्या, हा या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मग उत्तर दिलं. अध्यक्ष आपण कुणी निवडत नाही, संस्थेचा स्वतःचा कायदा असतो, त्याप्रमाणं ते होतं, त्यात बेकायदा काही नाही. पण चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न त्यांना जास्त मोठा वाटतो. जिथं हे विचारलेलं चालत नाही, तिथं लोकशाही लांबच्या देशाच्या भूगोलासारखी शिकवावी लागते, नद्यांची नावं पाठ करायची आणि पाण्याजवळ जायचं नाही.

मुलांनी बाकं वाजवली. मी दारात उभी होते, किल्ली मुठीत. ती गरम झाली होती. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये उगाचच हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, मुलगी झाली का नात. सांगायला काही नव्हतं म्हणून मी नात म्हणाले.

वर्गात कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं होतं. शनिवारपर्यंत त्यातला एवढासा तुकडा सगळीकडं फिरला. त्यात मॅडम एवढंच म्हणत होत्या की अध्यक्ष आपण कुणी निवडत नाही. बेकायदा काही नाही हे वाक्य त्यात नव्हतं. सोमवारी विभागप्रमुख सरांना वरून बोलावणं आलं आणि बुधवारी चौकशी समिती बसली. सर स्वतः, संस्थेच्या ऑफिसातले एक साहेब आणि एक निवृत्त प्राचार्य.

विद्यार्थ्याचा प्रश्न असता तर गोष्ट थोडक्यात मिटत होती. मॅडमना लेखी समज मिळाली असती, गुरुवारची पेटी बंद झाली असती, मुलाखत तशीच राहिली असती. सर हे स्टाफरूममध्ये उघड बोलले. पण मॅडमनी चिठ्ठी जपून ठेवली होती आणि मागितल्यावर देऊन टाकली. साहेबांनी ती उलटी केली. मागं छापील तारीख. असलं कॅलेंडर सगळ्या इमारतीत एकच होतं, आमच्या स्टाफरूममधलं, आणि तिथं मुलांना मनाई. म्हणजे चिठ्ठी स्टाफमधल्याची. तीन कायमचे सर होते, त्यांनी नाही म्हणून लिहून दिलं. उरल्या मॅडम. स्वतःच प्रश्न लिहायचा, स्वतःच काढायचा आणि मुलांना चिथवायचं, असा त्याचा अर्थ लावला. मॅडमचं अक्षर तसं नव्हतं. त्यावर प्राचार्य म्हणाले की हे डाव्या हातानं मुद्दाम बिघडवून लिहिलंय, शिकलेल्या माणसाचा उजवा हात असं लिहीतच नाही.

मी कपबश्या विसळत होते. चौथीत वर्गाला दाखवलेलं अक्षर ते.

माझा विचार कुणाच्या मनात आला नाही. ते पान रोज कोण फाडतं हे तिघांनाही माहीत होतं, कारण ते बसले होते त्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच सकाळी मी आदल्या दिवसाचं पान फाडलं होतं. आणि मी एक वाक्य बोलले असते, की चिठ्ठी माझी आहे, तर मॅडम सुटत होत्या. माझी नोकरी गेली असती. कदाचित नसतीही गेली, हसून सोडून दिलं असतं. ते काय करतील हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची छाती नव्हती.

मला साक्षीला बोलावलं ते किल्लीसाठी. त्याआधी चहा द्यायचा होता. चार कप घेऊन गेले. टेबलाच्या एका बाजूला ते तिघं, एका कडेला भाऊसाहेब लिहायला, समोर लांब एकट्या मॅडम. तीन कप ठेवले, चौथा मॅडमकडं घेऊन निघाले तर सरांनी नुसती मान हलवली. मी तो कप भाऊसाहेबांच्या पुढं ठेवला. माझे पाय आपोआप तिकडं वळले. मला कुणी ओढलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, किल्ली कायम तुमच्याकडंच का. मी मान हलवली. पेटी कधी उघडी राहिली का. नाही म्हणून मान हलवली. मॅडमना चिठ्ठी टाकताना बघितलं का. मी बोललेच नाही. नाही म्हटलं तर ते विचारणार, मग कुणाला बघितलं. साहेबांनी माझं गप्प राहणं भाऊसाहेबांना लिहून घ्यायला सांगितलं. साक्षीदार या प्रश्नावर गप्प राहिली, असं. त्याचा अर्थ मॅडमच्या विरुद्ध होतो हे मला तेव्हाच समजलं होतं. नंतर समजलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मग सर मॅडमकडं वळले. शेवटचं विचारतो, चिठ्ठी कुणाची हे तुम्हाला माहीत आहे का.

मॅडम म्हणाल्या, “चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही, असा त्या तासाचा नियम आहे. मी तो तोडणार नाही.”

प्राचार्य हसले. म्हणाले, बाई, मुलाखत महिन्यावर आलीय, आणि तुम्ही डब्याचे नियम पाळताय.

मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी मात्र त्यांच्याकडं बघत होते, कारण त्यांनी बघितलं तर काय करायचं हे मी ठरवत होते.

साक्षीच्या कागदावर सही करायची वेळ आली. भाऊसाहेबांनी पेन पुढं केलं. चिठ्ठी तिथंच, दोन वितींवर, टेबलावर पडली होती. माझी सही म्हणजे माझं सगळं नाव, गोल आणि सुटं. मी पेनाकडं बघत राहिले.

साहेब म्हणाले, “लिहितावाचता येतं ना मावशींना?”

मी मान हलवली. आडवी.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. रोज सकाळी मस्टरवर मी त्यांच्याच टेबलाशी सही करते. ते म्हणाले, “न्हाय साहेब. आमच्या मावशीला काळं अक्षर कळत न्हाय.” आणि ड्रॉवरमधून शाईचं पॅड काढून माझ्यापुढं सरकवलं. मी डावा अंगठा दिला. प्राचार्य म्हणाले, चला, किल्लीला यांच्यापेक्षा चांगली जागा नव्हती. तेव्हा मॅडमनी वर बघितलं, माझ्याकडं नाही, अंगठ्याकडं. शाई फार लागली होती. मी तो पदराला पुसला आणि कपबश्या गोळा केल्या. सर्वांचे कप रिकामे होते.

तासिकेवरच्या माणसाला काढायला पत्र लागत नाही. पुढचं वेळापत्रक निघालं, त्यात मॅडमचं नाव नव्हतं, एवढंच. मुलाखतीचं बोलावणंही आलं नाही. ते वेळापत्रक बोर्डावर लावायला भाऊसाहेबांनी माझ्याकडंच दिलं. चार कोपऱ्यांना चार पिना. गुरुवारच्या चौकोनात दुसऱ्या सरांचं नाव होतं. फळ्यावरचा कोपरा पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी तो पुसला. ओल्या फडक्यानं दोनदा पुसावा लागला.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करायला गेले तर भाऊसाहेबांनी पॅड पुढं केलं. दोन कागद दोन बोलायला नकोत, म्हणाले. मागची पानं मी बघतो. तेव्हापासून मी रोज अंगठा देते. तेव्हापासून त्यांचा जेवणाचा डबाही मी धुते. धुवा म्हणून ते कधी म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी रिकामा डबा त्यांनी नुसता टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवला.

वर्षभरानं मला कळलं की मॅडम शाहूपुरीत स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये शिकवतात. किल्ली माझ्याकडंच राहिली होती. पेटी सरांच्या केबिनमध्ये गेली होती, तिच्यावर आता ‘सूचना पेटी’ असा कागद होता आणि चिठ्ठीवर नाव व रोल नंबर घालायची सक्ती. महिन्याला एकदा सरांच्या समोर मी ती उघडते. पंखा, पाणी, सायकल स्टँड. किल्लीचं निमित्त करून मी शाहूपुरीला गेले. खरं तर माफी मागायची होती. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं.

क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. दारात वॉचमन, त्याच्यापुढं रजिस्टर. येणाऱ्यानं नाव लिहायचं. त्यानं पेन दिलं आणि मी डावा अंगठा पुढं केला. सवय झाली होती.

“शाई न्हाय माझ्याकडं, मावशी,” वॉचमन म्हणाला. “सही येत न्हाय व्हय?”

मागून आवाज आला, “येते त्यांना. फार सुंदर अक्षर आहे.”

मॅडम जिन्यात उभ्या होत्या, हातात खडूचा डबा. बारीक झाल्या होत्या. मी नाव लिहिलं. अक्षर तसंच आलं. त्या रजिस्टरवर वाकून बघत होत्या, वही बघायच्या तसं.

पाठ केलेलं वाक्य निघालं नाही. मी किल्ली पुढं केली. त्यांनी घेतली नाही. मी कशीबशी म्हणाले की तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाही, तुमचे उपकार आहेत.

त्या म्हणाल्या, “उपकार नाहीत. विचारायचं नाही हा नियम माझ्यावर होता, मावशी. सांगायचं नाही असा नियम कुणावरच नव्हता. मी शेवटपर्यंत वाट बघत होते.”

आवाज चढला नव्हता. वॉचमन ऐकत होता.

मी म्हणाले, मला भ्या वाटलं.

“मलाही वाटत होतं,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “अंगठा तुम्हाला कुणी सुचवला?”

कुणी नाही, हे मला सांगावं लागलं. भाऊसाहेबांनी आधी पेनच पुढं केलं होतं, मान आडवी मी हलवली.

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच एक विचारायचं राहिलं होतं. आत मुलं वाट बघत होती. लोकशाहीचा धडा आहे, म्हणाल्या, चार पर्यायांतला एक निवडायचा, प्रश्न कुणी विचारायचा नसतो. मग हसल्या, पण ते माझ्यासाठी नव्हतं. जाताना त्यांनी मला परत या असं म्हटलं नाही. मी जिना उतरले, किल्ली कनवटीला तशीच.

त्याला दोन वर्षं झाली. मुलाचा फोटो आता मोठ्या चौकटीत आहे, त्याखाली पद लिहिलंय. मी पुसते. वही माझ्याकडं आहे, हे त्याच वहीत लिहितेय. चुकीवर रेघ मारणारं कुणी नाही, म्हणून एकेक वाक्य तीन-तीनदा वाचते. वहीच्या शेवटच्या पानात एक चिठ्ठी घालून ठेवलीय, कोऱ्या कागदावर, दुकानातून घेतलेल्या. त्यात लिहिलंय की ती चिठ्ठी माझी होती, कॅलेंडरचं पान मी फाडलं होतं, मला लिहितावाचता येतं. खाली माझं सगळं नाव. रोल नंबर मला नाही, पण नाव आहे, म्हणजे सूचना पेटीचा नियम मोडत नाही. पेटी सरांच्या समोर उघडतात, तेव्हा ती त्यांच्या हातात पडेल. मॅडमची जागा आता दुसऱ्याला मिळालीय, त्या चिठ्ठीनं ती परत येणार नाही. निदान डाव्या हाताचं तेवढं खोटं ठरेल.

गेल्या वर्षी ठरवलं होतं, जूनमध्ये करार झाला की टाकते. करार झाला, पावसात त्या महिन्याची पेटी उघडायचीच राहिली, मग माझंही राहून गेलं. या वर्षीही जूनचं ठरवलं होतं. परवा ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. भाऊसाहेबांनी पॅड सरकवलं. अंगठा स्वच्छ उमटला, एकही रेघ पुसट नाही. मग मी डबा धुवायला घेऊन गेले.